मले आवडते

सिहोरा, मंगळवार, संध्याकाळी

आज स्पॅनिशच्या ऑनलाइन वर्गात सगळ्यांसमोर अडकली. ‘मला चहा आवडतो’ एवढंच सांगायचं होतं, पण मी इंग्रजीसारखी ‘मी’पासून सुरुवात केली. मॅडम म्हणाल्या, “‘मी’ नको, ‘मला’पासून सुरू करा. मे गुस्ता, म्हणजे मला आवडतं.”

वर्ग संपला तशी आई चहा घेऊन आली. “काहून तोंड पाडून बसली? तुले चहा आवडते ना?”

‘तू’ नाही, ‘तुले’. हेच तर मॅडम सांगत होत्या. पुण्याच्या हॉस्टेलात मुली हसल्या म्हणून मले-तुले सोडलं मी, इंग्रजीच बोलू लागली. आता घरी बसूनही इंग्रजीतूनच विचार करून राहिली. कायले?

शुक्रवारी तोंडी परीक्षा आहे. इंग्रजीला मध्ये घ्यायचंच नाही. आईशी बोलते तसंच मनात बोलायचं, मग स्पॅनिश.

चहा थंड झाला होता. तरी आईले म्हटलं, “मले आवडते.” किती वर्षांनी.