हर्णै ते बाणकोट, पायी

८ डिसेंबर १९६३, अकोला
शेवटी ठरलं. कोकणात हर्णै ते बाणकोट, समुद्राच्या काठाकाठानं पायी. हॉस्टेलच्या दिवसांपासून सांगत होतो, कोणी मनावर घेत नव्हतं. परवा हॉस्टेलचे दोस्त देवमन आणि खुशालराव दोघंही अचानक घरी हजर. "चाल रे पंजाब, जाऊ." माझ्या बोलण्यात वजन आहे. लीडर अर्थात मी. शाळेत ड्रिल मास्तर मीच.

प्रकृती फर्स्ट क्लास. पोट पार उतरलं, पट्ट्याला नवं भोक पाडलं. जेवण जात नाही, पण व्यायामी माणसाला अन्न कमीच लागतं. दिवाळीत अमरावतीचा डॉक्टर मला बाहेर बसवून गोदाशी बराच वेळ बोलत होता. डॉक्टर लोकांना गप्पांचा फार नाद.

गोदा या खेपेला भांडली नाही. मुकाट्यानं सामान भरून दिलं. इतक्या वर्षांनी बायकोला शिस्त लागली.

११ डिसेंबर, हर्णै
मुंबईहून बोटीनं आलो. बोट मला एकट्यालाच लागली, पण कुणाला कळू दिलं नाही. देवमननं बादली धरली तेवढंच.
उद्यापासून कडक प्रोग्राम. उजाडताच कूच.

१२ डिसेंबर, आंजर्ले
उजाडताच जमलं नाही. ऊन चढल्यावर निघालो.
दोघं फारच ढिले. देवमन कोर्टात बसून बसून गेला कामातून. मी जरा टेकलो की लगेच टेकतो. खुशालराव दर्यापूरकडचा शेतकरी गडी, पण म्हणतो धाप लागते. माझी पिशवी त्याच्याकडे दिली, चरबी तरी झडेल. खाडी ओलांडताना होडीत दोघांनी मला दोन्हीकडून घट्ट धरलं होतं. भित्रे.

१३ डिसेंबर, आंजर्ले
नारळपाणी बाधलं. पोटात कळा. वाळूत पाय घसरून पडलो. खुशालरावानं सरळ पाठीवर घेतलं. उतरव म्हणालो, ऐकेना. लीडरची ही इज्जत.
संध्याकाळी तो माडांच्या मागे रडत होता. घरची आठवण, दुसरं काय. देवमन त्याला दबक्या आवाजात म्हणत होता, "त्याच्यासमोर नोको करू." कुणासमोर?

१४ डिसेंबर, आंजर्ले
देवमनला विचारलं. म्हणाला, "पोटात गाठ हाये तुह्या. डॉक्टरनं दिवाळीतच वहिनीले सांगतलं. आता काई इलाज नाई म्हणे."
"मले काहून नाई सांगतलं?"
"तू ऐकलं असतं काय?"
त्याला समजावलं, डॉक्टर चुकतात. उद्या केळशी गाठायचीच. दोघंही लगेच हो म्हणाले. इतक्या लवकर माझं कधी कुणी ऐकलं नव्हतं.

१६ डिसेंबर, हर्णै
केळशी झाली नाही. काल उठताच आलं नाही. बैलगाडीनं खाडीपर्यंत आणलं, मग होडी. आता बंदरावर पडून आहे. मुंबईची बोट यायची आहे.

देवमननं आज सगळं सांगितलं. ही ट्रिप गोदानं ठरवली. ती एकटीच एस.टी.नं अमरावतीला त्याच्याकडे गेली होती. "हे लय दिवसापासून म्हणून राहिले, समुद्राच्या काठानं चालाचं. तेवढं करून आना," म्हणाली. खुशालरावाला तिनंच निरोप धाडला. मी म्हणालो, मग तीही का नाही आली? देवमन म्हणाला, "तू म्हटलं काय तिले, चाल म्हणून?"

नाही म्हटलं.

खुशालराव आत्ता बाजारात निघाला होता. वहिनींसाठी काय आणू, विचारत होता. मी पुष्कळ विचार केला.

तिला काय आवडतं, मला माहीत नाही.