चेक्सच्या कापडातला राजा

४ मार्च, मंगळवार

इंग्रजीच्या बाई कुर्ता घेऊन परत! खिशाचे चेक्स अंगाच्या चेक्सशी जुळले नव्हते — खरंच नव्हते. अण्णांच्या आजारपणापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. बाई रागावल्या नाहीत, उलट म्हणाल्या, "हा चेक कुठून आला, ठाऊक आहे? बुद्धिबळाच्या पटावरून!" मी उसवता उसवता थांबलेच.

५ मार्च

दादाचा फोन. अण्णांना शुश्रूषा केंद्रात ठेवायचं म्हणतो. "अगं, माझेही वडील आहेत ते, पण त्यांना आता काही कळत नाही. भिंतीशी बोलतेस तू!" अर्धांगाचा झटका आल्यापासून अण्णांच्या तोंडून शब्द नाही, हे खरं. पण कळत नाही? रविवारी येतोय, काय ते ठरवायला.

६ मार्च

बाईंना कुर्ता दिला आणि खोदून खोदून विचारलं. फारसीत राजा म्हणजे शाह. राजावर चाल आली की 'शाह!' म्हणून बजावायचं. तोच शब्द देशोदेशी फिरत, रूप बदलत इंग्रजीत पोचला — आणि झाला चेक! म्हणजे आपला शह आणि त्यांचा चेक सख्खी भावंडं की! आधी राजाला अडवणं, मग कशालाही अडवणं, मग थांबवून तपासणं. बँकेचा चेक त्यातलाच, डॉक्टरांचं चेकअपसुद्धा. आणि पटावर चौकटी, म्हणून कापडही चेक्सचं! अंगावर काटा आला. इतकी वर्षं माझ्या कात्रीखाली राजा होता, आणि मला पत्ताच नाही!

संध्याकाळी रोजच्यासारखा अण्णांपुढे बुद्धिबळाचा पट मांडला. माझ्या आणि त्यांच्या, दोन्ही बाजूंनी मीच खेळते, ते नुसते बघतात. खेळता खेळता सगळं सांगितलं. टक लावून ऐकत होते — की मलाच तसं वाटलं? देव जाणे.

८ मार्च

उद्या दादा. मशीनवर बसवेना.

९ मार्च, रविवार

दादा पटाशेजारी बसून केंद्राचं कौतुक सांगत होता. माझं लक्ष त्याच्याकडे, हातानं वजीर सरकवला.

"घोडा!"

अण्णा! जड जिभेनं, पण स्पष्ट. बघते तर खरंच — त्यांचा घोडा माझ्या वजिरावर टपलेला. दादा पटावर वाकून बघू लागला.

वजीर मागे घेतला नाही मी. मारू देत त्यांना!