डावीकडचं स्टूल

प्रिय मावशीस,

तुझ्या एकुलत्या एका भाचीचा सप्रेम सलाम. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. तुझा गुडघा कसा आहे? काका सांगत होते की जिना उतरताना दुखतो आणि चढताना दुखत नाही, पण बोलणी मात्र त्यांना दोन्ही वेळा बसतात. म्हणजे एकंदरीत तू बरी आहेस. मीही मजेत आहे. घसा उत्तम आहे, झोप लागते, आणि ख्रिस्ती गीतांचा अल्बम मी पुरा करणार आहे. करणार म्हणजे करणारच. एवढंच कळवायला हे पत्र. यात मागणी कसलीही नाही.

तुझं फोनवरचं शेवटचं वाक्य मला पाठ आहे. संगीत नाटकातली बाई प्रभूची गाणी गाणार, म्हणजे आता प्रभूलाही टाळ्या वाजवाव्या लागणार, असं म्हणालीस. (हे कोण म्हणतंय, तर जिने जन्मभर आमच्याच नाटक कंपनीत प्रॉम्प्टरचं काम केलं आणि जिला कंपनीतल्या प्रत्येक नायिकेचे प्रेमाचे संवाद अजून तोंडपाठ आहेत!) प्रार्थना करायची असते, करून दाखवायची नसते, हेही म्हणालीस आणि फोन ठेवलास. ते मला लागलं. फार लागलं. म्हणूनच दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओत हजर झाले, मुद्दाम वेळेच्या आधी.

हा स्टुडिओ म्हणजे रेकॉर्डिस्टच्या घरामागची एक खोली. भिंतींना गाद्यांसारखं काहीतरी ठोकलेलं, मधे काच, आणि काचेपलीकडे कानांवर वाट्यांएवढे हेडफोन लावलेला तो. अतिशय शांत माणूस, डासही हळू आवाजात मारत असेल. मी सवयीप्रमाणे पूर्ण नटूनथटून गेले होते. भरजरी रेशमी झगा, लोंबते कानातले, ओठ बाल्कनीतून दिसतील इतके लाल. पहिली ओळही संपली नाही तोच तो म्हणाला, "बाई, कपड्यांचा आवाज येतोय." मग कानातल्यांचा आला, मग गळ्यातल्याचा, मग बुटांचा. दुपारपर्यंत मी रेकॉर्डिस्टच्या आईचा धुऊन धुऊन मऊ झालेला सुती गाऊन घालून अनवाणी उभी होते. (गाऊन त्यांच्या मापाचा. त्या ठेंगण्या आहेत. पुढची कल्पना तू कर.)

पण गाणं झाल्याबरोबर काचेपलीकडून शब्द आले, "पुन्हा एकदा." मावशी, वन्समोर! तोही पहिल्याच गाण्याला! मी छातीवर हात ठेवून कमरेत वाकले आणि दुप्पट जोरात गायले. तो परत म्हणाला, पुन्हा एकदा. मी परत वाकले. असं होता होता माझी कंबर धरली. तेव्हा पियानो वाजवणारे गृहस्थ (तुझ्या वयाचे, तुझ्याहून बरेच सौम्य) हळूच जवळ येऊन म्हणाले की इथे पुन्हा एकदा म्हणजे जमलेलं नाही. मी पाणी मागितलं आणि भिंतीकडे तोंड करून सावकाश प्यायले. दुसरी कोणी असती तर तिथूनच घरी गेली असती. मी गेले नाही.

शब्द नीट उच्चारले जातायत ना हे पाहायला चर्चचे पाळकसाहेब येऊन बसले, त्या दिवशी पुनरुत्थानाचं आनंदगीत होतं. आता तुला माहीतच आहे, आपल्या कंपनीच्या नाटकांत तिसऱ्या अंकात मला मरावंच लागतं. विषाने, विरहाने, एकदा तर नुसत्या संशयाने मेले आहे. इतक्या वर्षांची सवय. शेवटची ओळ आली की माझा श्वास आपोआप तुटायला लागतो आणि हात टेकायला काहीतरी शोधतो. त्या दिवशी त्याला माईकची दांडी सापडली. माईक, दांडी आणि मी तिघं एकदम खाली गेलो. पाळकसाहेबांनी मला उठवलं, चष्मा पुसला आणि अगदी मायेने म्हणाले, "बाई, या गाण्यात सगळे उठतात. तुम्हीच तेवढ्या झोपलात." (माईकला काही झालं नाही. माझ्या कोपराला झालं. कोणी विचारलं नाही.)

पण खरी भानगड निराळीच निघाली. माझ्या प्रत्येक ओळीची सुरुवात खणखणीत यायची आणि शेवट शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. रेकॉर्डिस्टला वाटलं यंत्र बिघडलं. मग त्याच्या लक्षात आलं की मी गाता गाता डावीकडे वळते. त्याने माईक डावीकडे सरकवला. मी आणखी डावीकडे वळले. तो सरकवत गेला, मी वळत गेले, आणि शेवटी माईक आणि मी स्वच्छतागृहाच्या दाराकडे तोंड करून प्रभूची स्तुती करत होतो. त्याने जमिनीवर खडूने रेघ मारली. मी पाय रेघेवर ठेवले आणि मान वळवली. पियानोवाल्यांनी विचारलं, "तिकडे कोण असतं?" मी म्हटलं, कोणी नाही.

खोटं बोलले. तिकडे तू असतेस. डाव्या विंगेत, स्टुलावर, मांडीवर नाटकाची वही, तिच्यावर टॉर्च आणि त्यावर ते कधीच पुरं न होणारं विणकाम. मी शब्द कधी विसरत नव्हते, तरी तू माझ्या प्रत्येक गाण्याला ओठ हलवायचीस. आणि मी टाळ्यांसाठी एखादी तान उगाच लांबवली, की ओठ मिटून सुया हातात घ्यायचीस. सगळं थिएटर डोक्यावर घेतलेलं असायचं आणि मला दिसायच्या फक्त तुझ्या सुया. तेव्हा तुझा असा राग यायचा म्हणून सांगू! आता त्या खोलीत डावीकडे पाहिलं की नुसतं दार दिसतं आणि मला फार एकटं वाटतं.

तर आता एकच गीत उरलं आहे. आई गेल्यावर मला निजवताना तू म्हणायचीस ते, संध्याकाळचं. काल ते गायले. रेघेवर उभी राहिले, वळले नाही, मेले नाही, सूर इकडचा तिकडे झाला नाही. रेकॉर्डिस्ट पहिल्यांदाच म्हणाला, "झालं, बाई. छान." आणि मी म्हटलं, "पुन्हा एकदा." कारण मला ऐकू येत होतं ना! सुंदर झालं होतं आणि सगळं करून दाखवलेलं होतं. तू म्हणालीस तसंच, अगदी तस्संच. पुढेही गात राहिले, पण दर वेळी ते जास्त छान आणि जास्त खोटं होत गेलं. म्हणून शनिवारी सकाळी परत गाणार आहे. हे गीत खोटं गाऊन अल्बमात घालणार नाही, आणि सोडून तर मुळीच देणार नाही. काकांना सलाम सांग. गुडघ्याला शेक दे.

तुझी हट्टी भाची

ता. क. हे वाचून मी तुला बोलावते आहे असा गैरसमज करून घेऊ नकोस. स्टुडिओ लहान आहे, गार आहे, आणि तुला तिथे आवडणार नाही. चढायला पायरी मात्र एकही नाही.

ता. क. दुसरा. माईकच्या डावीकडे एक स्टूल ठेवून घेतलं आहे. असंच. लाकूड टोचतं म्हणून त्यावर उशीही ठेवली आहे.

ता. क. तिसरा. शनिवारी सकाळी दाराशी गाडी येईल. काकांना माहीत आहे, त्यांच्यावर ओरडू नकोस. टॉर्च नको, शब्द मला येतात. विणकाम आण. मी करून दाखवायला लागले की सुया हातात घे. त्यांचा आवाज माईकमध्ये येतो, रेकॉर्डिस्ट आपणहून थांबवेल. राग आणलास तरी चालेल. त्याचा आवाज येत नाही.