ओल्या कचऱ्यातल्या गोळ्या

४ मार्च
झाले मी कचराप्रमुख! शहराचा नवा नियम — प्रत्येक इमारतीने एक नेमायचा. बैठकीत सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले आणि घोंगडं माझ्या गळ्यात पडलं. ओला कचरा एका पिंपात, शहर त्याचं खत करणार. त्यात भलतंसलतं तीनदा सापडलं की अख्ख्या इमारतीचा कचरा उचलणं बंद. घरात ह्यांचं दुखणं, त्यात ही भर.
हे मात्र हसले. "हुकूम सोडायला आवडतंच की तुला." हृदयाच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच हसले, म्हणून मीही सोडून दिलं.

९ मार्च
पहिली तंबी. कचरागाडीवाला म्हणाला, "बाई, सालींमध्ये औषधाच्या गोळ्या होत्या. हे खत भाजीच्या मळ्यात जातं." सगळ्या मजल्यांवर जाऊन दम भरून आले. सगळे साळसूद. आपण त्या गावचेच नाही असे चेहरे.

१५ मार्च
ह्यांना डॉक्टरांकडे नेलं. प्रकृती उभारी धरत नाही. डॉक्टरही कोड्यात — "एव्हाना फरक दिसायला हवा होता." परत येताना हे प्रत्येक मजल्यावर पायरीवर बसले. मी शेजारी उभी, हातात पिशवी. फार भीती वाटते. हे गेले तर मी कोणावर ओरडू?

१६ मार्च
दुसरी तंबी. पुन्हा गोळ्याच.

१८ मार्च
वरच्या टायपिस्टबाई. दुसरं कोण असणार? नोकरी संपलेली, एकट्या, विसरभोळ्या — चष्मा डोक्यावर आणि शोधतात घरभर. जिन्यात गाठलं आणि चारचौघांत झापलं. कठडा घट्ट धरून उभ्या होत्या. "अहो, मी कसल्याच गोळ्या घेत नाही हो." म्हटलं, तेही विसरला असाल. खालचे दोघे फिदीफिदी हसले. तेव्हा बरं वाटलं.
रात्री हे जेवले नाहीत. "कशाला त्या बिचारीच्या मागे लागतेस? सोड ना." मी म्हटलं, तुम्ही पडा गुपचूप.

२१ मार्च
टायपिस्टबाई दार उघडत नाहीत. रेडिओ मात्र ऐकू येतो.

२३ मार्च
तिसरी तंबी यायच्या आत पिंप स्वतःच उपसलं. हातमोजे घातले, नाकाला फडकं बांधलं. सालींखाली गोळ्या सापडल्या. सगळ्या अर्ध्या.
ह्यांना अर्धीच गोळी द्यायची असते. रोज सकाळी मी सुरीने कापते आणि माझ्या हातून एक तुकडा नेहमी मोठा होतो. हे तेच तुकडे. म्हणजे हे माझ्यासमोर नुसतं पाणी प्यायचे, गोळी गालात ठेवायचे. मी आंघोळीला गेले की स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात. आणि डबा रोज खाली नेऊन रिकामा करत होते मीच.
जिन्यात बसून रडले. वर यायला धीर होईना.

२४ मार्च
विचारलं. भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, "थकलो गं. पुरे झालं आता."
मी कचऱ्यातला गुन्हेगार शोधत होते. ह्यांना जगायचंच नाहीये.