आजोबांनी उघडलेलं खातं

बाबा, आज तुमच्या मृत्यूचा दाखला पहिल्यांदा घराबाहेर नेला. इतकी वर्षं तो लोखंडी कपाटात साड्यांच्या खाली होता आणि तिथेच बरा होता. तुम्ही आज समोर असतात तर मी तुमच्याशी कडाडून भांडले असते, म्हणून हे लिहायला बसले आहे.

नातीच्या नावाने तुम्ही पोस्टात ते सरकारी बचतीचं खातं उघडलंत तेव्हा ती तिसरीत होती. मुलींसाठी योजना निघालीय, व्याज बरं आहे, एवढंच आम्हाला ठाऊक. माझे सासरे म्हणाले, "छानच झालं, शादीला कामाला येईल." तुम्ही बशी खाली ठेवलीत. "समधीजी, बँडवाला उधारीवर वाजवतो. कॉलेज उधारीवर शिकवत नाही. हे पैसे शादीत गेले तर मी वरून खाली उतरेन." सगळे हसले, तुम्ही हसला नाहीत. पालक म्हणून आईचं किंवा वडिलांचं नाव लागतं, तिथे तुम्ही स्वतःचं घातलंत. त्यामागचं कारण मला माहीत होतं. जावई प्लॉट बघत हिंडतो, त्याच्या हातात पैसा टिकायचा नाही, असं तुमचं मत होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. खिडकीवरचा माणूस ओळखीचा निघाला. "अरे भिया, नाना हो या पापा, घर का ही मामला है," म्हणत त्याने शिक्का मारला. मग दर रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, कानात गुलाल तसाच ठेवून, तुम्ही पैसे भरायला जायचात. तुमच्यामागे मीही त्याच दिवशी जात राहिले. पैसे भरायला आलेल्याला कोणी काही विचारत नाही, काढायला गेलं की सगळे विचारतात.

पोरीला पुण्यात आर्किटेक्चरला सीट मिळाली. अठरा पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी खात्यातली अर्धी रक्कम निघते, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. परवा खिडकीवरचा नवा मुलगा स्क्रीनकडे बघत म्हणाला, "मैडम, खाता नाना ने खुलवाया है। ये तो नियम में ही नहीं है। पहले माँ-बाप के नाम होगा, फिर बेटी के, फिर पैसा निकलेगा। नानाजी को ले आइए।" पोर माझ्याआधीच बोलली, "नानाजी नहीं हैं।" मग दाखला हवा, अर्ज हवा, मोठ्या पोस्टाची मंजुरी हवी. दोन दिवस नुसत्या चकरा. आज फीचा शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचपर्यंत, नाहीतर सीट दुसऱ्याला. राजवाड्याच्या गर्दीतून मोठ्या पोस्टापर्यंत मी गाडी कशी काढली ते मलाच माहीत. मोठ्या टेबलावरच्या बाईंनी दाखला उलटसुलट पाहिला, तुमच्या नावावरून बोट फिरवलं आणि सही केली. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "ये तो फाइल में रहेगा।" झेरॉक्स घ्या म्हणून मी हुज्जत घातली तेव्हा कुठे मूळ परत मिळालं.

आणि मग सर्व्हर बंद पडला. चार वाजून गेले होते. पोर फोनवरचा कॉलेजचा मेल परत परत उघडत होती. "आई, तू टेन्शन नको घेऊ ना, होऊन जाईल," म्हणत होती. मला आपलं घर आठवत होतं. मलाही पुण्याचीच सीट मिळाली होती. माझ्या वेळी असलं कुठलं खातं नव्हतं. तुम्ही फीच्या पैशांसाठी दिवसभर फिरून रिकाम्या हाताने आलात, "राहू दे, इथेच शीक," म्हणालात आणि आईने मक्याची कणसं किसून केलेला भुट्ट्याचा कीस दोनदा वाढून घेतलात. त्या दुसऱ्या वाढीचा राग मी किती वर्षं पोसला! पोरीची सीट गेली आणि हा बाप जेवतोय.

सर्व्हर आला. पैसे तिच्या बँकेतल्या खात्यावर पडले, आणि पोस्टाच्या पायरीवर बसून तिने फी भरली. पाचाला थोडाच वेळ होता. माझ्या गळ्यात पडून ती रडली. लोक बघत होते.

हे पत्र कुठे टाकणार? त्या पोस्टात तर मी आता महिनाभर पाय ठेवणार नाही. कपाटात दाखल्याशेजारी राहील. म्हणून तुम्हालाच सांगते. सर्व्हर बंद होता तेव्हा पोर देवाचं नाव घेत होती. मीही घेत होते, पण तो सुरू होऊ नये म्हणून. फार नाही, दोन-चार मिनिटंच. तिच्या खोलीतला दिवा रोज लागावा, एवढ्याचसाठी. बाबा, त्या संध्याकाळी तुम्हालाही असंच बरं वाटलं होतं का? आणि ते मनाला टोचत राहिलं, म्हणून नातीच्या वेळी कोणाला विचारायचीच पाळी येऊ नये असं करून ठेवलंत का?

आज मी भुट्ट्याचा कीस केला. पोरीने दोनदा वाढून घेतला. माझ्या घशाखाली उतरला नाही. मी आधीच जेवले, असं तिला सांगून टाकलं.