ग्रीसच्या पिंपावरचं आसन

येडशी, ता. ३ डिसेंबर १९८५

ती. सौ. आक्कास,

बब्रुवानचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. माझी खुर्ची नेली. इतक्या वर्षांत तिला माझ्या अंगाचं वळण लागलं होतं. बायकोला नाही लागलं.

कारखान्यात नवा विभाग निघालाय. यंत्र मोडायच्या आधीच ते मोडणार हे ओळखायचं! विभागाला चेअरमनसाहेबांचे जावई हिंमतराव प्रमुख, दोन कारकून, एक शिपाई आणि जीप नसलेला एक ड्रायव्हर. फिटरची जागा मंजूर आहे, पण त्याचा पगार ड्रायव्हरवर खर्ची पडला. दोन कारकुनांतला एक मी. माझी खुर्ची हिंमतरावांना पाय ठेवायला लागते, म्हणून मला ग्रीसचं रिकामं पिंप मिळालं.

दुष्काळानं ऊस आधीच कमी. चालती यंत्रं थांबवून तपासणं परवडत नाही. सबब आमच्या कक्षेत टाइपरायटर, केबिनचा पंखा आणि पाळी सुटल्याचा भोंगा, एवढंच येतं.

तुझा मच्छिंद्र उसाच्या चरकाला वंगण घालायच्या कामावर रुजू झाला. त्याच्या नोकरीसाठी तू सोनारीच्या भैरोबाला नवस बोललीस, त्यातलं मी दिव्यात घालायचं तेल अजून राहिलंय, ठाऊक आहे. देव थांबतो, चेअरमन थांबत नाहीत.

दाजींना नमस्कार. राग कमी, लोभ जास्त ठेव.

तुझा बब्रुवान

तेरखेडा, ता. ९ डिसेंबर

चि. बब्रुवानास आक्काचे अनेक आशीर्वाद.

खुर्ची गेली म्हून रडतो व्हय? मच्छिंद्र सुट्टीला आला तवा सांगत होता, चरक लई हादरतोय. हिंमतरावाला सांगाया गेला तर म्हणले, दसऱ्याला पूजा केलेल्या यंत्राबद्दल अभद्र बोलू न्हाय. हितं फटाक्याच्या दारूकामात लेकराचे हात पोळतील म्हून तुझ्या भरवशावर तिकडं धाडलं. त्याच्या हातापायाची जोखीम तुझ्यावर हाय. आन् तेल कधी घालणार? का देवाचंबी मोडल्यावरच बघायचं?

मायेत खोट न्हाय, जीभ तेवढी तिखट हाय.

तुझी आक्का

येडशी, ता. १६ डिसेंबर

ती. आक्कास सा. न.

मच्छिंद्र खरं बोलतो. आमचं ऑफिस चरकाच्या भिंतीला लागून आहे. ठोका पिंपातून थेट माझ्या मणक्यात चढतो आणि दिवसागणिक जोर धरतो. सगळ्या विभागात भाकीत करणारं एकच उपकरण आहे, आणि त्यावर मी बसतो.

रीतसर कळवलं. संचालक मंडळानं गंभीर चर्चा करून ठराव केला, की हंगाम संपेपर्यंत चरक मोडू नये. सर्वानुमते. चरकाला प्रत पाठवायची तेवढी राहिली.

मच्छिंद्राला आजारी पड म्हटलं, तर म्हणतो, कच्ची नोकरी, मामा. घरी बसलो की दुसरा घेतील.

काळजी करू नकोस म्हणवत नाही. जीव लावून आहेस, तसाच लाव.

बब्रुवान

येडशी, ता. २७ डिसेंबर

ती. आक्कास सा. न.

मच्छिंद्र धडधाकट आहे, हे आधी वाच.

सोमवारी पिंप माझ्याखालून सरकू लागलं. भोंगा आमच्या कक्षेत येतो, म्हणून भर पाळीत मी त्याची तपासणी केली. चांगला लांबलचक वाजवला. भोंगा झाल्यावर आपल्याकडं कुणी थांबतं का? चरक बंद करून माणसं डबे घेऊन गेटाकडं निघाली. मोठे इंजिनिअर मला शिव्या घालत आले आणि थांबलाच आहे तर उघडा म्हणाले. आसाला बोट जाईल एवढी चीर निघाली, मच्छिंद्र उभा राहतो त्याच अंगाला.

हिंमतरावांना दूरदृष्टीबद्दल शाल आणि नारळ मिळाला. मला अवेळी भोंगा वाजवल्याबद्दल निलंबन. पिंप त्यांनी जमा करून घेतलं.

निलंबित माणसाला सवड फार. काल सोनारीला जाऊन भैरोबाच्या दिव्यात तेल घातलं. पुजाऱ्यानं विचारलं, नवस कशाचा. नोकरीचा म्हणायला जीभ वळेना. भाच्याचा म्हणालो.

बोलणी खायला येतोच आहे. माया तोवर जपून ठेव.

तुझा बब्रुवान