‘ब’ टाकीतली लेकरं

मंगळवार, ४ फेब्रुवारी
हॉलमध्ये मासे आले! सुनेच्या — शर्वरीच्या — प्रयोगशाळेचं छत दुरुस्तीला काढलंय, म्हणून दोन काचेच्या टाक्या आमच्या मलकपेठच्या घरात. बोटाएवढी रोहूची पिल्लं. ‘अ’ टाकीला फॉस्फरसवालं खाद्य, ‘ब’ला नुसत्या पेंडीचं, वरून फॉस्फरस न घातलेलं. वाढीत काय फरक पडतो ते बघायचं. तिची पीएच.डी. यावरच आहे.

बायको — भामा — पक्की शाकाहारी. लग्न झाल्यापासून सुनेशी थेट बोलत नाही. ती समोर उभी असताना मला म्हणते, “सांगा तुमच्या सुनेला, माझ्या घरात मच्छी नक्को.”

“आई, खायला नाहीत हो!”

“सांगा तिला, मला कळतंय.”

मी मधला पोस्टमन.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
शर्वरी महिनाभर कोचीला, ट्रेनिंगला. खाद्य घालायचं काम माझ्याकडे. कुलदीपला — चिरंजीवांना — वास येतो म्हणे!

रविवार, १६ फेब्रुवारी
‘ब’मधलं एक पिल्लू पाठीत वाकलंय. भामा तव्यावरची पोळी टाकून टाकीपुढे बसली.

“शेवग्याचा पाला देऊ?”

मी म्हटलं, नको.

“मग चिमूटभर चुना सोडते पाण्यात.”

अगं, तिचा प्रयोग बिघडेल!

“प्रयोगाला आग लागो. लेकरू वाकडं व्हायलंय!”

मी खाद्याचे डबे कपाटात घालून कुलूप लावलं. रागानं भामा जेवली नाही. मी जेवलो. मुकाट्यानं. पोळी करपली होती.

सोमवार, १७ फेब्रुवारी
भामानं माझा फोन हिसकावला आणि थेट सुनेला लावला! मी देवघरात पळालो.

“लेकरांना उपाशी मारायलीस का गं?”

मग — “हौ... कॅल्शियम पाण्यातलंच पुरतं? मग चुन्याचा उपयोगच नव्हता म्हण... अन् फॉस्फरस? पाण्यात पुरत नाही? खाण्यातूनच द्यावं लागतं... पेंडीत असून पचत नाही? अगं बाई!”

दूध उतू गेलं. उठलं कुणी नाही.

शेवटी ऐकलं, “तू जेवलीस का?”



मंगळवार, २५ फेब्रुवारी
शेजारच्या भाग्यलक्ष्मीनं विचारलं, “फ्राय कब करते, अम्मा?” भामानं तिच्या तोंडावर दार लावलं. मग परत उघडून फॉस्फरस समजावला. अर्धा तास! ती बिचारी कोथिंबीर मागायला आली होती.

रविवार, ९ मार्च
शर्वरी आली. मोजमापं झाली. प्रयोग शाबूत! ‘ब’मधल्यांनाही आता चांगलं खाद्य. पहिली चिमूट भामानं घातली.

“हे वाकडं सरळ होईल का गं?”

“नाही, आई. पण जगेल.”

भामानं डोळे पुसले पदरानं. शर्वरी तिच्याशेजारी फरशीवरच बसली. दोघी पाठमोऱ्या. आज माझ्यामार्फत एकही निरोप नाही.

सोमवार, १० मार्च
चहा पिता पिता कुलदीप म्हणाला, “आई, आम्ही तारनाक्याला वेगळं घर बघितलंय.”

भामा म्हणाली, “तू जा. शर्वरी अन् लेकरं इथंच राहतील.”